बर्फावरची गुपित जागा

"तीन वाजून दहा मिनिटं," टोबी म्हणाला. "दगड तापलेत, पाणी तापलंय, मीही तापलोय. उक्की कुठेयत?"

तो सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, दारात टॉवेल गुंडाळून उभा होता, आणि बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी होती. एरवी ब्रिटाने त्याला "दार लाव, गाढवा" म्हणून आत ढकललं असतं. आज ती झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती.

ब्रिटा कांगस तेरा वर्षांची, टोबी तिचा अकरा वर्षांचा आतेभाऊ. फेब्रुवारीची आठवडाभराची सुट्टी लागली की दोघं उक्की आणि मुम्मूकडे, म्हणजे आजोबा-आजीकडे, राहायला यायची. या घरात बाकी काहीही उशिरा चालायचं. शनिवारचा तीन वाजताचा सौना मात्र चुकायचा नाही. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता, तर उक्की प्लास्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून वाफेत बसले होते.

"वारा फिरलाय," ब्रिटा म्हणाली.

टोबीची थट्टा तिथेच थांबली. सकाळी वारा सुपीरियर सरोवराकडून किनाऱ्याकडे येत होता. आता तो किनाऱ्यावरून आत, सरोवराकडे जात होता. हारयू गावातल्या लहानसहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो. असा वारा सुटला की किनाऱ्याला चिकटलेला बर्फ तुटतो आणि वर जे कोणी असेल त्याच्यासकट खोल पाण्याकडे चालू लागतो.

आणि उक्की पहाटेपासून बर्फावर होते. मासे धरायला, स्नोमोबाइल या बर्फावरच्या गाडीने, मागे सामानाची स्लेज ओढत.

मुम्मूने स्वयंपाकघरातून बचाव पथकाच्या प्रमुखाला फोन लावला होता. "सीडर बेच्या खाडीला गेलेत, व्हर्न. हो, तिथेच. गेला महिनाभर तिथेच जातायत." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त फोनची वायर तिने बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

पाऊण तासाने समोरच्या घरातली नॅडिन बूट न झटकताच आत आली. ती ब्रिटाच्या जुन्या मैत्रिणींपैकी, चौदा वर्षांची, कमी बोलणारी. तिचे बाबा बचाव पथकात होते आणि त्यांचा रेडिओ घरी ऐकू यायचा.

"सीडर बेला काहीच नाहीये," ती म्हणाली. "ना माणूस, ना स्नोमोबाइल, ना माग. तिथला बर्फ सगळा तुटलाय. ते... ते आता पाण्यात शोधतायत."

मुम्मू खुर्चीत बसली. टोबीने टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला.

"माग नाहीच सापडणार," ब्रिटा सावकाश म्हणाली. "सकाळी मी खिडकीतून पाहिलं. उक्कींनी स्लेजच्या मागे फरच्या झाडाची फांदी बांधली होती."

"कशाला?" टोबीने विचारलं.

"माग पुसायला. आपल्या मागून कोणी येऊ नये म्हणून. आणि गाडी का नाही नेत ते? किनाऱ्यावर गाडी दिसली की जागा कळते. म्हणून घरूनच स्नोमोबाइल. मुम्मू, सीडर बे हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"दुकानात व्हर्न हाकालाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच." मुम्मूने डोळे मिटले. "मला चाळीस वर्षं खोटं सांगतायत. मला म्हणजे काय, सगळ्यांनाच. मासे कुठे लागतात हे या गावात कोणी खरं सांगितलंय?"

"मला तर सांगितलं होतं, 'माशांना विचार,'" टोबी म्हणाला. कोणी हसलं नाही. तोही नाही.

पण खरी जागा एका ठिकाणी होती. दर शनिवारी सौना झाल्यावर उक्की ओल्या केसांनी मागच्या खोलीत जायचे, दार लावायचे, आणि खिशातलं जीपीएस यंत्र घरच्या संगणकाला जोडायचे. नकाशावर नवा ठिपका यायचा. मग ते दार उघडून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आज काही नाही लागलं."

तिघं मागच्या खोलीत घुसली. संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावला होता: हात लावाल तर याद राखा.

संगणक सुरूच होता. पडदा लाल झाला होता. मधोमध मोठी चौकट होती: महारक्षक २०१०. तुमच्या संगणकात ३८ विषाणू सापडले आहेत. पूर्ण संरक्षणासाठी कार्डाचा क्रमांक भरा.

ब्रिटाने नकाशाच्या चित्रावर टिचकी मारली. नकाशा क्षणभर दिसला आणि गेला. त्या जागी नवी चौकट आली. हा प्रोग्राम बाधित आहे. महारक्षकाने तो बंद केला आहे.

"हे कधीपासून?" तिने मागे वळून विचारलं.

मुम्मू दारात उभी होती. "सोमवारपासून. काहीतरी उघडलं, म्हणे धोका आहे, तपासू का? यांनी 'होय' म्हटलं. मला म्हणाले, पोरांना सांगू नकोस, मीच निस्तरतो. नाताळात तुम्हाला खेळ उतरवू दिले नव्हते ना, विषाणू येतील म्हणून."

"म्हणजे रक्षक हाच चोर आहे," टोबी म्हणाला.

"शाळेच्या लायब्ररीत ऑक्टोबरमध्ये असलाच शिरला होता," नॅडिन म्हणाली. "मिसेस पेल्टो रडायच्या बाकी होत्या."

"मग काढला कोणी?"

"दुरुस्तीवाल्याने. मी नुसती टॉर्च धरून उभी होते." ती खुर्ची ओढून बसली. "पण डोळे मिटून नव्हते उभी."

तिने आधी खरा विषाणूनाशक उघडून पाहिला. उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला, एखादा माणूस दारात उभा राहून येणाऱ्याच्या तोंडावर दार आपटतोय तसा. तिने नकाशाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पाठपिशवीतल्या स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. लॅपटॉपला ती वाचताच येईना. उक्कींच्या नकाशाचा प्रोग्राम लागत होता आणि तो फक्त याच संगणकात होता.

"सेफ मोड," ती म्हणाली. "त्यात संगणक अगदी गरजेपुरताच जागा होतो. चोराला उठवत नाही."

संगणक बंद केला. सुरू करताना नॅडिन एकच कळ टकटक दाबत राहिली. पडदा काळा झाला, मग निळा, मग त्यावर पांढरी अक्षरं धावली, आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. लाल चौकट परत आली. ती वाटही चोराने मोडून ठेवली होती.

दहा मिनिटं गेली होती. खिडकीबाहेर सूर्य झाडांपर्यंत उतरला होता. ब्रिटाला वाटलं, आपण ओरडावं, काहीतरी फोडावं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

नॅडिन बर्फातून घरी पळाली आणि तिथल्या इंटरनेटवरून एक इवलासा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन आली. तो काही साफ करत नव्हता. चालू असलेल्या चोराचा फक्त गळा दाबायचा. तिने तो सुरू केला.

हा प्रोग्राम बाधित आहे. महारक्षकाने तो बंद केला आहे.

"संपलं," नॅडिन म्हणाली. हा शब्द तिने याआधी कधी वापरला असेल असं ब्रिटाला वाटलं नाही.

"त्याने एकच गोष्ट नाही बंद केली," टोबी म्हणाला. तो मघापासून पलंगाच्या कडेवर बसून पडद्याकडे बघत होता. "ते इंटरनेटचं चित्र. तू चुकून दाबलंस ना मघाशी, ते उघडलं. थेट त्याच्या कार्डाच्या पानावर गेलं, पण उघडलं."

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"ते तो बंद कसं करेल?" ब्रिटा म्हणाली. "ते बंद केलं तर कार्डाचा क्रमांक कुठे मागणार? ते दार त्याला स्वतःलाच लागतं." ती उभी राहिली होती. "नॅडिन, तो कोणाला आत सोडायचं हे कशावरून ठरवतो? तोंड बघून?"

"नाव बघून," नॅडिन म्हणाली, आणि तिचे हात आधीच चालू लागले होते. तिने इवल्या प्रोग्रामचं नाव खोडलं आणि त्या जागी इंटरनेटच्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं. अक्षर न अक्षर. मग दोनदा टिचकी.

काळी चौकट उघडली. तिघं पडद्यावर वाकली. चौकट मिटली नाही.

लाल रंग पडद्यावरून गेला. त्याच्या मागे उक्कींचं नेहमीचं चित्र होतं: मोठा ट्राउट मासा आणि फोटोच्या कडेला अर्धेच आलेले उक्की.

"कोणी बंद करू नका हां," नॅडिन म्हणाली. "चोर मेला नाहीये, बेशुद्ध आहे. पुन्हा सुरू केला की उठेल. नकाशा उघड."

नकाशा उघडला. सरोवरावर तीसेक ठिपके होते. सीडर बेला एकही नव्हता. गेल्या शनिवारच्या तारखेचा ठिपका ऑटर पॉइंटच्या पलीकडे होता, त्याच्या आधीच्या शनिवारचा त्याला चिकटून. शोध चालला होता तिथून अकरा मैल, बरोबर उलट्या दिशेला.

व्हर्न हाकालाने फोन उचलला तेव्हा मागे वाऱ्याचा घोंगाट होता. "ब्रिटा, बाळ, लाइन मोकळी ठेव. आम्ही सीडर बेला..."

"मिस्टर हाकाला, ते ऑटर पॉइंटला आहेत. आमच्यासमोर नकाशा आहे. आकडे वाचून दाखवू का?"

"रेइनोने, तुझ्या उक्कींनीच, मला स्वतः सांगितलं, दुकानात, माझ्या तोंडावर."

"तुम्ही त्यांना तुमची जागा काय सांगितली होती?"

पलीकडे व्हर्नने कोणाला तरी इंजिन बंद करायला सांगितलं.

"खरी सांगितली होती?" ब्रिटाने विचारलं. बोट तिने नकाशावरच्या आकड्यांवरच ठेवलं होतं.

"आकडे वाच," व्हर्न म्हणाला. "सावकाश."

उक्की सापडले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती आणि थोडासाच उजेड उरला होता. बर्फाचा तुकडा किनाऱ्यापासून दोन मैल आत गेला होता. स्नोमोबाइल बुडाली होती. तिला ओढून काढायच्या नादात उक्कींचा डावा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला होता, हातमोज्यासकट. बर्फावरून आणि पाण्यावरून चालणाऱ्या पंख्याच्या बोटीने पथक पोचलं तेव्हा ते फरच्या फांदीवर बसले होते, आणि व्हर्नला बघून एकच वाक्य बोलले म्हणे: "तुला कोणी सांगितलं?"

इस्पितळात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

रविवारी तिघांनी संगणक नीट साफ केला. खरा विषाणूनाशक आता चालत होता. त्याने तीन तास घेऊन चोराचे सगळे तुकडे शोधून काढले. तिसऱ्या तासाला टोबी म्हणाला, "एक विचारू? आपण नकाशाच्याच प्रोग्रामचं नाव बदललं असतं तर? गळा दाबायचा प्रोग्राम मध्ये कशाला हवा होता?"

नॅडिनने कळफलकावरून हात उचलले. तिने पडद्यावरच्या नकाशाच्या चित्राकडे पाहिलं. "चाललं असतं," ती म्हणाली. "बहुतेक चाललं असतं."

तेव्हापासून ब्रिटा हिशेब करत होती. सेफ मोडची दहा मिनिटं. नॅडिनच्या धावपळीची तेरा. जेवताना, दात घासताना, तेवीस. एका बोटाला किती मिनिटं लागत असतील?

गुरुवारी उक्की घरी आले. शनिवारी तीन वाजता ते बँडेजला प्लॅस्टिकची पिशवी बांधून सौनात बसले आणि कोणाचंही ऐकलं नाही. नंतर सगळे स्वयंपाकघरात जमले. मुम्मूने वेलदोड्याचा पाव कापला. व्हर्न हाकाला आला होता, नॅडिन आणि तिचे बाबाही.

"आमच्या पथकात वीस माणसं आहेत," व्हर्न कॉफीच्या कपात बघत म्हणाला. "त्या दिवशी वीसच्या वीस चुकीच्या जागी होती. मीच नेली होती त्यांना. बरोबर ठिकाणी फक्त ही तीन पोरं होती, आणि तीही घरात बसून." त्याने तिघांशी हात मिळवला, मोठ्या माणसांशी मिळवतात तसा.

टोबीची छाती शर्टात मावेना. ब्रिटाला मात्र राहवलं नाही.

"उक्की, आम्हाला आधी सापडलं असतं," ती म्हणाली. "नुसतं नाव बदलायचं होतं. तेवीस मिनिटं लवकर."

उक्कींनी पिशवीतला हात टेबलावर ठेवला. "आणि मला सोमवारी सांगता आलं असतं," ते म्हणाले. "सोमवार ते शनिवार. पाच दिवस. एवढंच की मग तुम्ही मला हसला असतात." त्यांनी हातावरची पिशवी सारखी केली. "तुझी तेवीस मिनिटं तुझ्याकडेच राहू दे, पोरी. माझ्या पाच दिवसांशेजारी ठेवायला ती फार लहान आहेत. बरं काम केलंत."

कांगसांच्या घरात एवढं कौतुक कोणाच्या लग्नातही झालं नव्हतं. मुम्मू उगाचच पावाचे तुकडे सरळ करत राहिली.

"आता कागद घे," उक्की म्हणाले. "मी डावखुरा आहे, आता तूच लिही. पुढच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा कुठे जाणार ते. आकडे सांगतो. खरे."

ब्रिटा लिहू लागली. व्हर्न हाकालाने घाईघाईने खुर्ची फिरवली आणि तो खिडकीकडे तोंड करून, कानांवर दोन्ही तळवे दाबून बसला. मुम्मूने कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि त्यावर कॅलेंडर ओढलं.

व्हर्न वळला. कॅलेंडरकडे त्याने एकदाच पाहिलं, मग घसा खाकरला. "मलाही एक कागद दे," तो म्हणाला.

तो बराच वेळ लिहीत होता, दुसऱ्या हाताने झाकून, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून झाकतात तसा. मग त्याने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि ब्रिटाच्या हातात दिला.

"माझ्या बायकोला नेऊन दे," तो म्हणाला. "आणि वाटेत टोबीला धरू देऊ नकोस."