टोळांचा फोटोग्राफर

महिपतरावांचा स्टुडिओ शिंदे सरकारांच्या राजधानीत, शिंदे की छावनी या वस्तीत होता. तीस वर्षं त्यांनी सरदारांच्या मिशा टिपल्या, आणि आता, १९३४ साली, शेतकी खात्यासाठी पिकांवरचे किडे टिपायची पाळी आली होती. खात्याला किडा जिवंतच हवा होता. सांगायला साहेबांचं काय जातं!

भिंगं तीन होती. पहिल्यातून टोळ नखाएवढा येई, दुसऱ्यातून बोटाएवढा. तिसरं छोटं भिंग ते उलटं बसवत आणि कॅमेऱ्याचा भाता हातभर ताणत. मग टोळाचं नुसतं तोंडच फोटोची सगळी काच भरून टाकी. पण उजेड इतका मंद होई की काच अर्धं मिनिट उघडी ठेवावी लागे. जिवंत किडा कशाला तेवढा वेळ बसतोय? वीस काचा वाया गेल्या. मान आखडली, डोळे चुरचुरू लागले, सगळं नको नको झालं.

एकविसाव्या वेळी काळ्या कापडाखालून सवयीने तोंडून निघालं, "हलू नका हं, सरकार."

टोळ हलला नाही. काच लख्ख आली.

मग भुंगा, अळी, मुंगळा, सगळे तसेच बसले. उन्हाने सुस्तावत असतील, असं महिपतरावांनी ठरवून टाकलं. "झालं" म्हटल्यावरही ते उठत नसत, एवढंच खटकायचं. तो टोळ तीन दिवस पानावर तसाच होता, ताजा आणि लवचीक. महिपतरावांनी पान खिडकीबाहेर ठेवलं आणि विषय सोडला. थकलेल्या माणसाला ते जमतं.

खरी काळजी घरात होती. त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, छातीचं दुखणं होतं. गुरुवारी विमलबाईंचा भाऊ त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेणार होता. परत येतील का, यावर डॉक्टर काही बोलत नव्हते. आणि फोटोग्राफरच्या घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आजवर ते राहूनच गेलं, आणि आता फोटोला पाच सेकंद स्थिर बसायचं, तर खोकला तीनसुद्धा थांबत नव्हता.

"दिवसभर किड्यांचे फोटो काढून राहिलात," बुधवारी दुपारी त्या हसून म्हणाल्या, "माझा एक तर काढा ना. बिगडला तर बिगडला."

खुर्ची खिडकीशी ठेवली. पहिली काच खोकल्यात गेली. दुसरीही गेली.

"राहू द्या आता. तुम्ही पण थकलात."

"बस्, एक शेवटची."

कापडाखाली शिरताना महिपतरावांनी ओठ घट्ट मिटले होते. भिंग उघडलं. तेवढ्यात विमलबाईंना उबळ येताना दिसली, आणि महिपतरावांचा धीर सुटला.

"हलू नका हं."

खोकला तिथेच थांबला.

पाच सेकंद झाले. त्यांनी भिंग झाकलं.

"झालं."

विमलबाई बसून होत्या. डोळे उघडे, ओठांवर अर्धं हसू. हात गरम होता.

"झालं गं, विमल. ऊठ ना."

दहादा सांगितलं. मग रडत सांगितलं.

शेवटी काही सुचेना, तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत गेले. हातांना तेवढंच येत होतं. लाल दिव्याखाली काच औषधात धुतली.

खिडकी आली. खुर्ची आली, रिकामी.

खुर्चीपासून एक धूसर पट्टा कॅमेऱ्याकडे धावत आला होता.

आणि काचेच्या कडेला, भिंगाच्या अगदी जवळ, विमलबाईंची पाच बोटं पसरलेली होती. ती मात्र स्पष्ट होती.