किती जण बघणार?

"अहो, अहो... हे काय चाललंय? पडद्यावर डाग पडतात!"

त्याने दचकून हात मागे घेतला. हातात शिवणकामाची पिवळी कापडी टेप होती, आणि समोरचा टीव्ही मोजायचा त्याचा उद्योग अर्ध्यावरच राहिला होता.

"बत्तीस इंची म्हणून पाटी लावलीय तुम्ही," तो म्हणाला. "रुंदी भरते अठ्ठावीस. मधले चार इंच कुणी खाल्ले?"

"टीव्ही तिरका मोजतात. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरका?" त्याने टेप गळ्यात टाकली. "मी गिऱ्हाइकाची छाती तिरकी मोजली, तर तो शर्ट माझ्याच तोंडावर फेकून जाईल!"

ती हसली. गिऱ्हाइकाला बघून हसायचं, असा दुकानाचा नियमच होता. पण हे हसू काही त्या नियमात बसणारं नव्हतं.

आता ही गोष्ट अशी हसतखेळत सुरू झाली म्हणून कुणी फार आशा लावून बसू नका. टीव्हीविभागातली ही मुलगी परक्या माणसाशी तासभर बोलेल, पण स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप. एकतीस वर्षांची झाली तरी ते कुलूप काही निघालं नव्हतं. आईवडील गेले, दादा त्याच्या संसारात रमला, आणि ही एका भाड्याच्या खोलीत एकटी राहायला लागली... तेही कुणाला फारसं न सांगता.

दुकानात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. कारण कुणीही टीव्ही घ्यायला आलं की आधी तिचे तीन प्रश्न. किती जण बघणार? कुठे बसून बघणार? खोलीत उजेड किती? मॅनेजरसाहेब वैतागायचे. "गिऱ्हाईक टीव्ही घ्यायला येतं हो, परीक्षेला नाही!" पण तिने दिलेला टीव्ही कधी परत आला नव्हता, म्हणून ते बोलून गप्प बसत.

तिने यालाही तेच विचारलं. समोरच्या शिंप्याच्या दुकानात तो कटर होता, कापड बेतायचं आणि कापायचं काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत आला होता.

"बघणार आई," तो म्हणाला. "अंगावरून वारं गेलंय तिच्या. दिवसभर एका कुशीवर पडून असते. खिडकी उशाशीच, त्यामुळे उजेड भरपूर. आणि टीव्ही लावण्याजोगी भिंत एकच आहे, ती पडते अगदी कडेला."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही बघणार?"

"मी..." तो जरा घुटमळला. "मला दिवा मालवून जुने सिनेमे बघायला आवडतात. काळे-पांढरे. पण माझं काय एवढं..."

तिने त्याला सगळ्यात खालच्या फळीकडे नेलं. तिथे दोन टीव्ही शेजारी शेजारी होते. आकार सारखा, किंमतही जवळपास सारखीच.

"आधी इथे समोर उभे राहा. हा डावा बघा. काळा रंग कसा काजळासारखा आहे ना? तुमचे सिनेमे यावर बघावेत. आता इकडे या... अजून कडेला... अजून."

तो सरकत सरकत थेट फ्रिजांच्या रांगेपर्यंत गेला. "अरेच्चा! हिरॉइनला कावीळ झाली की!"

"तेच सांगतेय. डावा फक्त समोरून चांगला. कडेने बघितलं की त्याचे रंग विटतात. आणि हा उजवा... याचा काळा म्हणजे राखाडीच. अंधारात बघायला मजा नाही. पण कुठूनही बघा, माणूस माणसासारखा दिसतो. उजेडातही."

"म्हणजे डावा एकलकोंडा, आणि उजवा चारचौघांतला."

"अगदी बरोबर!"

"आणि दोघांचे गुण एकात असलेला?"

"तो वरच्या फळीवर. आपण खालच्या फळीची माणसं."

ती सहज बोलून गेली. पण 'आपण' म्हटल्यावर त्याने तिच्याकडे असं काही बघितलं, की तिने उगाचच रिमोट पुसायला घेतला.

उत्तर त्याच दिवशी मिळालं होतं. आईसाठी उजवा, यात शंका नव्हती. तरीही तो पुढच्या आठवड्यात आला, आवाज ऐकायचा राहिला म्हणून. मग वायर कुठून निघते ते बघायला. मग रिमोटची बटणं आईला दिसतील का, ते तपासायला. पाचव्या खेपेला त्याला काही कारणच सुचलं नाही, तेव्हा तो नुसताच दोन्ही टीव्हींकडे आळीपाळीने बघत उभा राहिला.

"हा टीव्ही घेतोय की टीव्हीवालीला?" वॉशिंग मशीनवाली मैत्रीण कानाशी कुजबुजली. तिने मैत्रिणीला चिमटा काढला, पण दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

टीव्ही भिंतीवर लावणारे फिटरकाका त्या दिवशी दुकानात होते. त्यांचाही एक नियम होता. पडद्याचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला हवा.

"आईचे डोळे जमिनीपासून बावीस इंचांवर," त्याने खिशातून चिठ्ठी काढून सांगितलं. "उशी धरून."

"मोजलेसुद्धा?" ती म्हणाली. "मी तर ऐकलं होतं, तुम्ही नुसत्या नजरेने माप सांगता."

"उभ्या माणसाचं सांगतो. इंचभरही चुकत नाही."

"मग माझे डोळे सांगा बघू... बसल्यावर किती उंचीवर येतील?"

त्याचे कान लाल झाले. "सांगितलं असतं. पण तुम्हाला बसलेलं कधी पाहिलंच नाही."

खरंच होतं ते. दुकानात विकणाऱ्यांना खुर्ची नव्हती. सकाळी दहापासून उभं राहायचं आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन घरी जायचं. इतकी वर्षं हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं; याने आपल्याला उभंच पाहिलंय, हे मात्र याच्या लक्षात राहिलं.

सहाव्या खेपेला वीज गेली.

भिंतभर लागलेले टीव्ही एकदम विझले. साहेब जनरेटर बघायला तळघरात पळाले. दुकानात मागच्या काचेतून येईल तेवढाच उजेड उरला.

"बसा ना," तो हळूच म्हणाला. "कुणी बघत नाहीये."

एका रिकाम्या खोक्यावर ती टेकली. तळपायांना आराम वाटला आणि नकळत तिने डोळे मिटले. उघडले, तेव्हा समोर तेच दोन टीव्ही होते, काळेभोर, बंद. डाव्या पडद्यात ती दिसत होती, बसलेली. तिच्या मागे तो, गळ्यात टेप. आणि तो तिच्याकडेच बघत होता.

आरशात बघावं तसे ते दोघं पडद्यात एकमेकांकडे बघत राहिले. काही बोलायचं असेल तर ते आत्ताच, हे तिला कळत होतं. 'टीव्ही घेतलात तरी येत जा.' एवढंच तर म्हणायचं होतं!

"आई..." तो बोलायला लागला. "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. आता घ्यायलाच हवा. इतके दिवस मी टाळत होतो. टीव्ही घेतला, की..."

"की काय?"

वीज आली. भिंतभर माणसं एकदम नाचायला-गायला लागली आणि ती चटकन उठून उभी राहिली. त्याने त्याच दिवशी उजवा टीव्ही घेतला.

त्यानंतर सव्वा महिना तो आला नाही. रस्त्यापलीकडे त्याच्या दुकानाची पाटी दिसायची. मधे वीस पावलांचा रस्ता. तिने तो कितीदा मनात ओलांडला असेल. पण काय म्हणून जायचं? ब्लाउज शिवायला? ते दुकान पुरुषांच्या कपड्यांचं होतं.

मग एका गुरुवारी तिला तो दिसला. डाव्या टीव्हीसमोर, पाठमोरा. तिला इतका आनंद झाला, की चेहरा बघायच्या आधीच ती बोलून गेली.

"या या! आता डावाही हवाय वाटतं? मग सांगा, किती जण बघणार?"

तो वळला. दाढी वाढली होती.

"आता कुणीच नाही," तो म्हणाला. "आई गेली. पंधरा दिवस झाले."

आपल्या जिभेला काय म्हणावं, तिला कळेना. सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न आज नेमका गळ्याशी येऊन अडकला असता तर!

"रडू नका," तोच तिची समजूत घालायला लागला. "तिने तीन आठवडे मजेत बघितला. गाण्यांची स्पर्धा लागायची. परीक्षकांपेक्षा तीच जास्त गुण द्यायची. चेहरे अगदी स्पष्ट दिसतात म्हणायची... तुमचं नाव विचारत होती. मी म्हटलं, प्रश्नपत्रिका म्हणतात."

ती रडता रडता हसली. मग त्याने सांगितलं, की खोली सोडतोय. मोठ्या ताईच्या यजमानांनी कपड्यांचा कारखाना काढलाय, खूप लांब. तिथे कटर हवाय. सोमवारी निघायचंय.

"सोमवारी..." ती म्हणाली.

तो जरा हसून म्हणाला, "आज मी विचारतो तीन प्रश्न. पण आधी सांगा, तुमच्या घरी टीव्ही आहे?"

"दिवसभर पंचवीस बघते, घरी कशाला?"

"समजा, आला. खोलीत उजेड किती?"

"बेताचाच. एक खिडकी आहे."

"कुठे बसून बघाल?"

"खाटेवर. दुसरं काही नाहीच बसायला."

"आणि..." त्याचा आवाज एकदम खाली गेला. टेपचं टोक तो बोटाला गुंडाळत होता. "किती जण बघणार?"

"एकच," ती सवयीने म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

त्याने मान हलवली. हळूच. एखाद्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं, की माघारी वळताना हलवतो तशी. टेप बोटावरून सुटली.

तिला कळलं, पण एका श्वासाने उशिरा. ती तोंड उघडते आहे तोच मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, इकडे कुणी लक्ष देईल का?" आणि ती, मेली, वळली! परत बघते तर डाव्या टीव्हीसमोर कुणी नव्हतं.

शनिवारी मात्र तिने तो रस्ता खरोखर ओलांडला. "त्याचा हिशेब कालच संपला," शिंपी म्हणाला. "घर आवरतोय." घर कुठे, ते विचारायचं तिच्या जिवावर आलं. तेवढ्या माणसांसमोर कोणत्या तोंडाने विचारायचं?

सोमवार हा तिच्या सुट्टीचा दिवस. दुपारी दार वाजलं. दारात फिटरकाका, खांद्यावर खोकं.

"पत्ता मीच काढला दुकानातून, रागावू नकोस पोरी. त्याच्या भिंतीवरून उतरवून आणलाय. तुझ्या भिंतीवर लावायला सांगितलंय त्याने."

तो उजवा टीव्ही होता. काकांनी एक चिठ्ठी तिच्या हातात दिली. शिंप्याच्या दुकानातली, मापं लिहायची. नावापुढे लिहिलं होतं, प्रश्नपत्रिका. मापापुढे, 'बसल्यावर बैठकीपासून डोळ्यांपर्यंत साडेसत्तावीस इंच. त्यात खाटेची उंची मिळवावी.' आणि देण्याच्या तारखेपुढे नुसतं, 'उशीर झाला.'

काकांनी तिला खाटेवर बसवलं, टेप लावली आणि चष्मा वर केला. "साडेसत्तावीस! दोरा इकडचा तिकडे नाही. तू माप दिलं होतंस कधी?"

"नाही काका. दोन मिनिटं बसले होते फक्त. वीज गेली तेव्हा."

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग भिंतीला भोकं पाडायला घेतली.

"गेला का तो?" ड्रिलचा आवाज थांबल्यावर तिने विचारलं.

"सकाळीच. सामानाची गाडी मुद्दाम तुमच्या दुकानावरून घ्यायला लावली. काचेपाशी बराच वेळ उभा होता." काकांनी ड्रिल पिशवीत ठेवलं. "सोमवारी तुझी सुट्टी असते, हे त्याला माहीत नव्हतं गं."

काका गेल्यावर तिने टीव्ही लावला. खाटेच्या बरोबर मध्यभागी बसली. पडद्याचा मध्य तिच्या डोळ्यांसमोर आला, जराही वर नाही की खाली नाही. गाण्यांची स्पर्धा चालू होती.

एकट्या माणसाने समोर बसून बघायचं, तर डावा. हे तिनेच शिकवलं होतं त्याला, आणि तो एक अक्षरही विसरणारा नव्हता. ती 'एकच' म्हणाली होती. आणि तरी त्याने हाच पाठवला होता, शेजारी कुणी बसलं तरी नीट दिसणारा.

ती भिंतीकडे सरकली. अजून थोडी सरकली. कडेनेही गाणारीचा चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता. खाटेची निम्मी जागा रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून ती ओक्साबोक्शी रडली.

"दोन," ती म्हणाली. "दोघं बघणार."

गाणं संपलं. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती.