डाव्या हाताची दस्ती

जीप दारात घरघरत होती. "सही करा, डॉक्टर," जमादार उद्धवराव म्हणाले. "पोरगी नांदेडला, नवरा कोठडीत."

औंढ्याजवळच्या त्या लहानशा सरकारी दवाखान्यात डॉक्टर अनिरुद्धांचा हात नांदेडला पाठवायच्या कागदावर अडला. खाटेवरच्या निलमचा उजवा गाल आत बसला होता. वरचा जबडा बोटांनी धरला की दातांसकट हलत होता. नांदेडला हाडं जागी बसवून तारेने बांधली, तर चेहरा वाचेल. पण सोबत कोण जाणार?

सोबत निघाला होता थोरला दीर हरिचंद. त्याच्या डाव्या हाताला दस्ती, मळका हातरुमाल, गुंडाळलेली. उजव्या तळव्यावरची तंबाखू तो दस्तीबाहेर आलेल्या अंगठ्याने मळत होता. त्याला बघताच निलमने पदर तोंडावर ओढला. बंजारा तांड्याची रीतच तशी. थोरल्या दिरासमोर सून तोंड उघडत नसते.

"तुम्ही बघितलं?" डॉक्टरांनी हरिचंदला विचारलं.

"व्हय. सेवानं हाणलं. समोरासमोर, मुठीनं."

"हाताला काय झालं?"

"इळा लागला. जवारी कापून राहिलो व्हतो."

बाहेर दाराशी बेड्यांतला तिचा नवरा सेवा ओरडला, "म्या नरसीला व्हतो, सायेब! माझ्या निलमला म्या काहून मारीन?"

"समदे आसंच म्हणतात," जमादार हसले. "इथं आले की गरीब गाय."

अनिरुद्धांनी पेन खाली ठेवलं. आपलं चुकलं तर? पण गप्प बसलो, तर ही पोरगी नांदेड बघेल का?

"सेवा, तंबाखू मळून दे," ते एकदम म्हणाले.

सेवाने बेड्यांतच डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्याने मळली.

"त्याची बेडी काढा, उद्धवराव. पडली असती तर नाक, तळवे खरचटले असते. ते धड आहेत. समोरून उजव्या हाताची मूठ डाव्या गालावर बसते. हिचा उजवा फुटलाय. मारणारा डावरा आहे."

"डावरे काय थोडे हायेत?"

"हा डाव्या अंगठ्याने मळतो. मग विळाही डाव्याच हातात धरणार. डावऱ्याचा विळा उजव्या हाताला लागतो, जमादार. सोडा ती दस्ती."

हरिचंद मागे सरला. जमादारांनी दस्ती हिसकून काढली. ओरखडासुद्धा नव्हता, मुठीची हाडं तेवढी टम्म सुजलेली.

"झूट हाय!" हरिचंद गरजला. "इचारा तिलाच!"

ती बोलणार नाही, याची त्याला खात्री होती.

निलम उठून बसली. लग्नापासून त्याच्यासमोर कधी न सरलेला पदर तिने मागे टाकला आणि फुटक्या चेहऱ्याने सरळ त्याच्याकडे बघितलं.

"हात... धरला यानं," न जुळणाऱ्या दातांतून शब्द आले. "म्या न्हाई म्हनलं."

जमादारांनी बेडी काढली ती सेवाच्या हातातून, आणि घातली हरिचंदच्या.

"सेवा, बस जीपमध्ये," अनिरुद्ध म्हणाले. "तिचं डोकं सांभाळून धर."