मंडईच्या गाडीची चाकं

टायरच्या दुकानात माणसं भाव करतात, चहा मागतात, क्वचित भांडतात. लाजत मात्र कोणी नाही. भूपेंद्र लाजला.

साकोलीला हायवेवर केवळरामजींचं टायरचं दुकान. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून दुकान त्यांची लेक रीता सांभाळायची. त्या दुपारी एक पांढरी एसयूव्ही दारात थांबली. टायर पार गुळगुळीत झालेले. उतरलेल्या तरुणाने आधी इकडेतिकडे मालक शोधला, मग रीताकडे पाहिलं आणि... नजर खाली घालून आपल्याच टायरांकडे बघत राहिला.

"कोणते टाकू?" तिने विचारलं.

"काका म्हणते, रुंद पाहिजे. आन् मोठे अलॉय. गाडी दिसली पाहिजे म्हणते."

"नुसती दिसाले? चालवाची नाही का?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. रीताने ती पाहिली, आणि पाहिली नाही असं दाखवायला टायरवरचा साइज मोठ्याने वाचला.

"कंपनीचाच साइज बरा. जास्त रुंद टाकला त आतून घासते."

"मंडईपुरते टाका जी. मंडईले तिकडं तुमसरकडे... पोरगी पाहाले जाऊन राहिलो."

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. सोयरेधायरे जमतात, रात्री नाटक बघतात, आणि त्याआधी चहाबरोबर पोरापोरींची लग्नं जमवून टाकतात. हे रीताला चांगलं ठाऊक होतं. तरीही तिला उगाच वाईट वाटलं.

तिने रुंद चाकं बसवली. त्याला स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे पूर्ण फिरवायला लावलं, वाकून पाहिलं. कुठेच घासत नव्हतं. "बसले," ती म्हणाली. पण गाडीत तो एकटा होता. मंडईला रिकामी गाडी कोण नेतं? एरवी गिऱ्हाइकाला ती आधी हेच विचारायची, किती जण बसणार? त्या दिवशी विसरली, कारण गाडीच्या आरशात सारखी ती खळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तो हवा तपासायला आला. तिसऱ्या दिवशीही.

"टायर हाय का फुगा?" रीता म्हणाली.

"कमी झाल्यासारखी वाटते..."

"कशानं?"

"इथून गेल्यावर वाटते," तो हळूच म्हणाला. तिने हवेची नळी उगाचच गुंडाळून ठेवली. पोरगी बघायला निघालेल्या माणसाला उत्तर द्यायचं तरी काय?

मंडईच्या सकाळी फोन वाजला. "रीताजी, एकोडीच्या पुढं थांबलो. मागचं चाक मडगार्डले घासून राहिलं. सगळे बसले होते ना..."

चूक तिचीच होती. दुकानातली माणसं मंडईला गेलेली. 'आज बंद' म्हटलं असतं तर कोणी बोल लावला नसता, आणि तुमसरची ती भेटही टळली असती. हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला बोला! पण प्रेम आपल्या जागी, नट आपल्या जागी. दुकानातच ठेवलेल्या त्याच्या जुन्या रिमवर तिने कंपनीच्या साइजचे नवे टायर चढवले, चारही चाकं पिकअपमध्ये टाकली आणि निघाली.

कापलेल्या धानाचा वास सुटला होता. मोहाच्या झाडाखाली सगळं गणगोत चिवडा खात बसलं होतं. रीता कोणाकडे न बघता जॅक लावून कामाला लागली. भूपेंद्र शेजारी उकिडवा बसला.

"माफ करा," ती म्हणाली. "भरल्या गाडीत पाहाले पाहिजे होतं मी."

"मले माहीत होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी धानाची पोती टाकली, तवाच घासलं. सांगितलं असतं त तू नीट करून देली असती... आन् मी तुमसरले पोचलो असतो."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही. रीताने पाना खाली ठेवला.

"टायर फुटला असता त? घरची माणसं बसवली तू!"

"बैलगाडीवानी हळूहळू आणली. आईनं दोनदा शिव्या देल्या."

"आन् ते पोरगी नटून बसली असंन, तिचं काय? आधी तिकडं फोन कर. माह्याशी नंतर बोल."

झाडाखालचं बोलणं थांबलं होतं. भूपेंद्रची आई, सुलोचनाबाई, पदर खोचत उठल्या.

"इश्वरभाऊजी, लावा फोन," त्या दिराला म्हणाल्या. "म्हणा, आमच्या पोराचं मन दुसरीकडं हाय, माफी करा. रोज हवा भराले काहून पळते, ते आता समजलं मले." काका रुंद चाकांकडे एकदा हळहळून बघत फोन लावायला बाजूला गेले.

मग त्या रीतासमोर येऊन बसल्या. पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. "तुह्यं मन हाय का, बाई? नसंन त तसं सांग."

रीताने भूपेंद्रकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता. खळी नव्हती, तरीही बघत राहावंसं वाटत होतं.

"हाय," ती म्हणाली. "पण हात काळे हायत माहे..."

"कपाळ त काळं नाही ना?" सुलोचनाबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं.

चारही चाकं बदलून, नट पुन्हा एकदा आवळून रीता उठली. सगळे गाडीत बसले. चाक कुठेच घासलं नाही. भूपेंद्रने काच खाली केली.

"उद्या हवा पाहाले येऊ?"

"उद्या दुकान बंद हाय," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरलेला तिने थोडा वेळ पाहून घेतला. "घरी ये. बाबाले भेटाले."