लाल पट्टीपाशी

माझ्या थापा साऱ्या हॉस्पिटलात प्रसिद्ध आहेत. वॉर्डबॉय आहे मी; ट्रॉलीवरून ऑपरेशनला न्यायच्या माणसाला हसवायचं, तर थोडं तिखटमीठ लावावंच लागतं. पण आज सांगतो त्यात चिमूटभर मीठही घातलेलं नाही. बसा, जरा जवळ सरका.

त्या सकाळी मी लवकर गेलो तो ट्रॉलीच्या चाकांना तेल घालायला. साथीमुळे बंद पडलेलं ऑपरेशन थिएटर कित्येक महिन्यांनी उघडणार होतं, आणि पहिला पेशंट होती माझीच बायको. पित्ताशयात खडे. बाकीच्यांसारखं तिलाही ‘थांबता येईल’ म्हणून थांबवलेलं. थांबता थांबता बाई हळदीसारखी पिवळी झाली, ताप उतरेना. सर्जनसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “मामा, आज नाही, तर मग नाहीच.”

थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टी आहे. तिच्या आत बाहेरची चप्पल नाही, नातेवाईक नाही. थिएटर बंद झालं त्या दिवशी याच पट्टीवर माझ्या ट्रॉलीत मास्तर होते. निवृत्त शिक्षक, मूत्रपिंडात गाठ. कुठली बाजू चिरायची ते चुकू नये म्हणून सर्जनसाहेबांनी डाव्या कुशीवर जांभळ्या शाईने बाण काढलेला. पुढची चाकं पट्टीला लागली आणि आतून निरोप आला, सगळं बंद, घरी पाठवा. मी ट्रॉली वळवली.

“माझा नंबर राखून ठेव हं,” मास्तर म्हणाले.

“तुमच्याआधी त्या टेबलावर कोणी चढलं तर मिशी उतरवीन!”

मास्तर वाट बघत राहिले. बाणाला पाणी लागू देत नसत. पुसट झाला की लेकीकडून गिरवून घेत. गाठ मात्र कुणासाठी थांबली नाही. बाणासकट गेले.

तर, तेल घातलं. चाकं अशी की फुंकर मारली तरी पळावीत. बायकोला घेऊन निघालो. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा आणि बंद खोलीचा वास. लाल पट्टीपाशी आलो आणि ट्रॉली थांबली.

ब्रेक पाहिला. सुटलेला होता. सिस्टर आल्या, भूल देणारे डॉक्टर आले. जोर लावला, ट्रॉली तसूभर पुढे सरकेना. मागे ओढली की लोण्यासारखी येई.

“मामा, तेल घातलंत की डिंक?” सिस्टर म्हणाल्या.

उचलून न्यायचं ठरलं. आजारात मूठभर झालेली बाई, पण पट्टीवर आली की आम्हा तिघांना पेलेना.

तिने माझा हात धरला. तळवा भाजत होता. “अहो... त्यांना आधी जाऊ द्या ना.”

“कुणाला?”

“हे काय... पुढेच उभे आहेत. कुशीवर हात ठेवून...”

मी कोपऱ्यातली रिकामी ट्रॉली ओढली, पट्टीपाशी लावली. “चला मास्तर... तुमचा नंबर.”

ट्रॉली करकरली. हँडल एकदम जड झालं. ढकलली, तर सरळ आत.

“ही काय थट्टेची वेळ आहे, मामा?” सिस्टर ओरडल्या. मी टेबलाशी पोचलो, हवेतच खांद्यांखाली हात घातले, आणि बोटं गारठली.

सर्जनसाहेब हसले नाहीत. बाण त्यांनीच काढला होता ना. त्यांनी दिवा खाली ओढला, रिकाम्या टेबलावर, डाव्या कुशीच्या जागी, हात ठेवला आणि वाकून म्हणाले,

“मास्तर... उशीर झाला हो आम्हाला.”

दिवा एकदा मिणमिणला. साहेबांनी हात उचलला. “मामा, पुढचा पेशंट.”

बायकोची ट्रॉली एका बोटाने आत गेली. ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा मी खुशीत म्हणालो, “मास्तरांचं काम झालं बरं का!”

ती दाराकडे बघत म्हणाली,

“मास्तरांचं झालं... पण त्यांच्या मागे ते थांबवलेले सगळे रांगेत उभे होते, त्यांचं काय? दारापासून पार जिन्यापर्यंत... तुम्ही मला मध्येच घुसवलंत. ती बारकी पोर तर तुमचा सदरा सोडायलाच तयार नव्हती...”

तो थिएटरचा हिरवा सदरा आता घरी खुंटीला आहे. धुतला, इस्त्री केली. खिडक्या बंद असतात, वारा नसतो. तरी त्याची मागची कड सरळ खाली पडत नाही. दाराच्या दिशेने ताणलेली असते... लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर.