वजनाला बसलेला

मेणबत्ती जरा इकडे सरकव, अथर्व. हायड्रोची वीज काही सकाळपर्यंत येत नाही, बाहेर फ्रीझिंग रेन चालू आहे. आणि कस्तुरी, हसू नकोस. मी भुतंबितं मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जयदीप खोटं बोलणारा नाही, आणि शेवटी काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

जयदीपचे वडील हेमचंद्र, माझा जुना मित्र, चांगला ढेरपोट्या. मार्कहॅमला घर, आणि गॅरेजमध्ये सत्तर सालाच्या आधीची एक इम्पाला गाडी, पुढची सीट बाकासारखी सलग. तिचं पुढचं सगळं सस्पेन्शन त्याने खोलून ठेवलं, नवे पार्ट मागवले, आणि अर्ध्या कामातच हार्ट अटॅकने गेला. गॅरेजभर पसारा टाकून गेला लेकाचा, असं मी तेव्हा चिडून म्हणालो होतो. खरं तर रडू येत होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. शीलावहिनींनी हट्ट धरला, देवळात जाईन तर त्याच गाडीतून. जयदीप पडला सॉफ्टवेअरवाला. व्हिडिओ बघून बघून शिकला, सगळे वीकएंड गॅरेजमध्ये घातले आणि काम पुरं करत आणलं. गेल्या नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात ना, त्या शनिवारची रात्र. सकाळी आईला घेऊन निघायचं, आणि शेवटचे बोल्ट आवळायचे राहिले होते.

आता हे बोल्ट कसे आवळतात ते ऐका. चाकं अधांतरी असताना आवळले तर आतली रबरं पिळवटून फाटतात. म्हणून गाडी तिच्या चाकांवर उभी करायची, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवायचा, आणि वजनाने स्प्रिंगा दबल्या की मग खालून आवळायचे.

जयदीपने पुढची चाकं रॅम्पवर चढवली, खाली सरकला आणि बायकोला हाक मारली, "ऊर्मी, जरा ये गं! पाच मिनिटं वजनाला बस!"

"आले, आले!" ती आतून ओरडली.

थोड्या वेळाने गाडीचं दार उघडलं. लागलं. सीट करकरली आणि गाडी त्याच्या नाकावर दोन बोटं खाली आली.

"वजन वाढलंय हं तुझं," जयदीप खालून म्हणाला.

उत्तर नाही. रागावली असेल, असं म्हणून त्याने डावीकडचे बोल्ट आवळले. "आता उजवीकडचे. हलू नकोस."

कुणी हललं नाही.

तेवढ्यात घराचं दार उघडलं.

"सॉरी रे! आईंचं बीपी चेक करत होते. अजून बसायचंय का?"

"काका, सीरियसली?"

मध्ये बोलू नकोस, कस्तुरी.

जयदीपला खालून ऊर्मीच्या चपला दिसल्या. घराच्या पायरीवर. तेव्हा त्याच्या लक्षात आलं... मघाशी पाय दिसलेच नव्हते. दार वाजलं होतं, पण पाय नव्हते.

गाडी दबलेलीच होती.

"ऊर्मी... तिथेच थांब."

"का? काय झालं?"

"गाडीत... कोण बसलंय?"

तिने पायरीवरूनच वाकून काचेतून आत बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "कुणी नाही रे."

त्याला बाहेर सरकायचं होतं. हातपाय हलेनात. वर एवढं लोखंड. आणि लोखंडाच्या वर...

सीट करकरली.

सावकाश. डावी बाजू वर आली. उजवी दबली. आणखी दबली. जणू कुणी सीटवरून सरकत सरकत पलीकडे गेलं.

जयदीपने दिवा तिकडे वळवला. उजवं चाक ज्यावर तोललेलं असतं, तो सांधा. त्याचा नट फिरू नये म्हणून त्यात आडवी पिन घालतात.

पिन नव्हती.

त्याने नटला बोट लावलं. नट फिरला. साधा आवळलेलासुद्धा नव्हता. विसरला होता तो. सकाळी हायवेवर नट सुटला असता, चाक निखळलं असतं... आणि आत आई असती.

त्याने नट आवळला. पिन घातली. टोकं वाकवली. ऊर्मी पायरीवर देवाचं नाव घेत होती. वर काही हलत नव्हतं. बाहेर आल्यावर त्याने आत दिवा मारला. गाडी रिकामी. दोघं घरात गेली, कडी लावली. झोपलं मात्र कुणी नाही.

सकाळी देवळात जायला मी त्यांच्याकडे पोचलो. जयदीपचा चेहरा पांढराफटक. त्याने आईसाठी पुढचं उजवं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. मी पुढे होऊन बघितलं.

वर्षभरात सीटच्या त्या बाजूला कुणी बसलं नव्हतं. आणि तिथला पट्टा लावलेला होता. बकल नीट बसलेलं. आत माणूस नाही. पट्टा चांगल्या ढेरीएवढा सैल करून घेतलेला.

जयदीप बकल सोडायला वाकला.

"राहू दे," शीलावहिनी म्हणाल्या. आणि मागचं दार उघडून मागे जाऊन बसल्या.

तो पट्टा अजून कुणी सोडलेला नाही.