दोन टिचक्या

टक्... टक्.

मामांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आई दवाखान्यात होती, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्या नर्स यायच्या, लाल साबणाचा वास येणाऱ्या बोटाने आईच्या हातावर दोन टिचक्या मारायच्या, आणि हाक ऐकल्यासारखी शीर वर यायची. रक्त काढून झालं की कापसावर पट्टीची गाठ बांधायच्या, सशाच्या कानांसारखी. आई बरी होऊन घरी आली. मोठ्या बाईंना जाऊन मात्र आता पंचवीस वर्षं झाली होती.

त्याच दवाखान्यात मामांनी वॉर्डबॉय म्हणून वीस वर्षं ट्रॉली ढकलली. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा सिस्टरांनी त्यांना रक्त काढायला शिकवायचं मनावर घेतलं. पण पहिल्याच आठवड्यात चौघांचे हात काळेनिळे झाले.

"मामा, आज शेवटचं," सिस्टर म्हणाल्या. "चुकलात तर परत ट्रॉली. माझाही नाइलाज आहे."

दुपारी टोकाच्या खोलीत एक आजी होत्या. हाताच्या नुसत्या काटक्या. मामांनी दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपरापाशी चाचपलं. शीर लागेना.

"रक्त शिल्लक आहे ना रे माझ्यात?" आजी म्हणाल्या. "का तेही पोरांनी वाटून घेतलं?"

मामा हसले, पुन्हा चाचपू लागले. बाहेर ढग आला असावा. पडद्याआड अंधारून आलं. स्पिरिटच्या वासात दुसराच वास मिसळला. लाल साबणाचा. तो साबण दवाखान्यातून कधीच गेला होता.

टक्... टक्.

मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, एक निळी रेघ हळूच उठली.

"या तुझ्या मागच्या बाई..." आजी कुजबुजल्या. "हात किती गार गं बाई यांचे..."

मामांनी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सुई हलली असती. ती अलगद आत गेली. नळीत रक्त चढू लागलं. मामांना इतका हरिख झाला की पट्टा सोडायचं भान राहिलं नाही. तसेच सुई काढायला गेले. पट्टा आवळलेला असताना सुई काढली की चिळकांडी उडते...

दंडावरचा पट्टा आपोआप सुटला. सळ्कन.

सुई काढून, वर कापूस दाबून मामा मागे वळले. कोणीच नव्हतं. पडदा तेवढा हलत होता. त्यांनी नळीवर आजींचं नाव लिहिलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. भरलेली नळी बघून हसल्या, आणि मग आजींच्या हाताकडे बघतच राहिल्या. कापसावर पट्टीची गाठ होती, सशाच्या कानांसारखी. चिकटपट्टीचं भेंडोळं तर अजून मामांच्या खिशात होतं.

सिस्टर तरुणपणी मोठ्या बाईंच्याच हाताखाली शिकल्या होत्या. त्यांनी गाठीला बोट लावलं. पुढच्या तीन पेशंटच्या चिठ्ठ्या मामांच्या हातात ठेवल्या. दारात मात्र क्षणभर बाजूला सरल्या, मोठ्या माणसाला आधी वाट द्यावी तशा. आणि मग निघून गेल्या.